मागच्या सीटवरून

रस्त्यावर असलो की माझ्या तोंडाला उसंत नसते.
ट्रक. खड्डा. डावीकडे वळतेय. थांब, पाय टेक.
मागे बसलेल्या आलोइसला
जगातलं तेवढंच सांगता येतं
जेवढं आपल्या अंगावर येऊ शकतं.

मग गाव संपताना ते दोन लाकडी खुंट येतात,
मधे जेमतेम आमच्या हँडलएवढी फट,
आणि तिथून पुढे एकही मोटार नाही.
चौतीस किलोमीटर.
कधीकाळी इथून खनिजाची मालगाडी जायची.
रूळ उपटून नेले, चढ तेवढा मागे राहिला,
आगगाडीला झेपेल असा,
म्हणजे आमच्या चार गुडघ्यांनाही झेपतो.

इथे मी गप्प होते
आणि तो बोलायला लागतो.

"बीच," म्हणतो. सावली ओली लागली की बीच.
"ओढा उजवीकडे गेला बघ."
बघते. गेलेला असतो.
"काल कुणीतरी ओक चिरलाय इथे.
सुकू तरी द्यायचा, गाढवानं घाई केली."
एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढलेला माणूस.
डोळे हळूहळू गेले,
बोटं मात्र दहाच्या दहा शाबूत,
आणि हे तो नव्या माणसाला
नावाच्या आधी सांगतो.

जंगलात मधेच एक फलाट आहे.
त्यावर आता मधमाश्यांच्या पेट्या,
निळ्या, पिवळ्या, एक उगीचच गुलाबी.
तिथे तो मान खाली घालतो, मी सांगायच्या आत.
बोगद्याच्या अलीकडे कॉलर वर करतो.
आत शिरल्यावर दिवे लागेपर्यंतचे चार क्षण
आम्ही दोघं सारखेच.

सतरावा किलोमीटर मला नको असतो.
दोन उन्हाळे कोरडे गेले,
सालीखाली किडा शिरला
आणि अख्खी टेकडी,
त्याच्या वडिलांनी हाताने लावलेले स्प्रूस,
एका हिवाळ्यात ट्रकवर चढून निघून गेली.
मी हे त्याला सांगितलं नव्हतं.
तिथे आलं की मी कारण नसताना घंटी वाजवायचे,
बहिणीच्या घटस्फोटाचं काढायचे,
जरा जोरात पायडल मारायचे.

त्या गुरुवारीही घटस्फोटच काढला होता.
मागून आवाज आला,
"गेरलिंडे, डाव्या गालाला ऊन लागतंय."
मी वकिलाची फी सांगत राहिले.
"इथे कधी लागायचं नाही."
फी संपली.
"गेल्या वर्षापासून लागतंय," तो म्हणाला,
"वाटलं, सांगशील."

सायकल थांबवली. पाय टेक, म्हटलं,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
काहीही अंगावर येत नसताना.
आणि सांगितलं सगळं.
खुंट किती, कुठवर, राखाडी कसे पडलेत.
त्यांच्यामधून वर आलेली जांभळी फुलं,
कमरेइतके बर्च, कुणीही न लावलेले.
तो सीटवरून उतरला नाही.
हँडल घट्ट धरून ऐकत राहिला,
जणू आम्ही उतारावर होतो.

"मग पलीकडचं दिसत असेल आता."
दिसतं, म्हटलं.
"मला दिसत होतं तेव्हा झाडं आड यायची,"
आणि तो हसला, थोडं खोकल्यासारखं.
"किती टेकड्या?"

मोजल्या. एकीमागे एक,
जवळची हिरवी, मग निळी, मग धुरकट.
"सात," म्हणाले,
"शेवटच्या दोन कदाचित ढग असतील."

"धर सात," तो म्हणाला,
आणि खिशातून पाव काढून
अंदाजाने बरोबर अर्धा मोडला.
मोठा तुकडा माझ्याकडे आला.
तो चुकून आला, असं मी
अजूनही ठामपणे म्हणू शकत नाही.